डिक्कीत पाणी येतं कुठून?



माळवदाच्या घरात पावसाळे काढलेल्या आपल्या आज्या-सासवांना एक गोष्ट पक्की माहीत होती. पाणी जिथे टपटप पडतं, भोक तिथे नसतं. पाणी माळवदाच्या एका कोपऱ्यात मुरतं, तुळईच्या कडेकडेने सरकतं आणि भलत्याच जागी, नेमकं अंथरुणावर, ठिबकतं. ठिबकण्याखाली त्या भगुणं ठेवायच्या. पण माती टाकायला वर चढल्या की उताराच्या वरच्या अंगाला शोधायच्या.

आज बोलायचं आहे ते गाडीच्या डिक्कीत येणाऱ्या पाण्याबद्दल. तिथेही नियम हाच आहे. पाणी साचतं एका जागी, शिरतं दुसऱ्या जागी. शिरण्याची जागा सापडल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

गाडीचं काम बायांना कशाला सांगता, असं कुणी म्हणेल. पण आता गाडी आपल्या धंद्यात आली आहे. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली आणि गटातल्या महिलांनी प्रवासी गाडी चालवावी, असा विचार पुढे आला. काही गटांनी कर्ज काढून जुनी व्हॅन घेतली. काही जणी घरच्याच गाडीतून माल नेतात. हळद, तिखट, शेवया, पापड, कुरडया हदगावहून निघतात आणि नांदेडच्या बाजारात, माळेगावच्या यात्रेत, कधी मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये पोचतात. हा सगळा कोरडा माल आहे. त्याचा पहिला शत्रू ओल.

दोष आधी माणसावर जातो

आमच्याकडच्या एका गावात तीन गटांनी मिळून जुनी व्हॅन वापरायला घेतली. श्रावणात शेवयांचा माल गेला आणि त्यातली काही पाकिटं परत आली. आत बुरशी होती. बैठकीत पहिला प्रश्न निघाला, "शेवया वाळवल्या कुणी?" ज्या ताईकडे वाळवणाचं काम होतं, तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच झालं, तेव्हा एका मावशीने साधी गोष्ट विचारली, "परत आलेली पाकिटं गाडीत कुठं होती?" सगळी पाकिटं डाव्या मागच्या कोपऱ्यातली, खालच्या थरातली निघाली. वाळवण कच्चं असतं तर खराबी सगळ्या मालात विखुरलेली दिसली असती. एकाच कोपऱ्यातला माल गेला, म्हणजे चूक कोपऱ्यात होती.

चटई उचलली. खालचा फोम पिळला तर पाणी निघालं. डाव्या कोपऱ्यावर चिकटपट्टी मारायची तयारीही सुरू झाली. पण पाण्याने तपासणी केली तेव्हा कळलं की पाणी उजव्या मागच्या दिव्याच्या कडेने आत येत होतं. गाडी ज्या अंगणात उभी राहायची तिथला उतार डावीकडे होता. दिव्यामागून उतरलेलं पाणी तळाच्या पत्र्यावरून उताराने डावीकडे जाऊन साचायचं. दिव्यामागची फोमची पट्टी विरली होती. ती बदलली आणि गळती थांबली. त्या महिन्याच्या इतिवृत्तात गटाने एक ओळ लिहिली, की मालाची खराबी गाडीतल्या गळतीमुळे झाली, वाळवण व्यवस्थित होतं. ती ताई परत यायला लागली.

पाण्याची वाट शोधली नाही तर दोष कुणावर तरी जातोच. म्हणून ही माहिती प्रत्येक गटाकडे असावी असं मला वाटतं.

आधी गाडीला चार प्रश्न विचारा

पाना हातात घेण्याआधी चार गोष्टी लक्षात घ्या. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पहिला प्रश्न: गाडी पावसात नुसती उभी असताना पाणी येतं का? येत असेल तर वाट वरून आहे. छताची पन्हळ, मागच्या दाराचं रबर, मागचे दिवे, छतावरच्या कॅरिअरचे बोल्ट किंवा अँटेनाची बैठक यांपैकी काहीतरी.

दुसरा: उभ्या गाडीत कोरडं, पण ओल्या रस्त्यावरून चालवली की ओलं? मग वाट खालून आहे. चाकं पाणी उडवतात आणि ते तळाच्या भोकातून किंवा चाकावरच्या पत्र्याच्या जोडातून आत येतं.

तिसरा: पाऊस नसतानाही ओल येते का? मग आधी पाण्याचा कॅन, तेलाची पिशवी, कुणी ठेवलेली ओली छत्री बघा. मागच्या काचेला वायपर आणि फवारा असेल तर त्याची बारीक नळी छतातून मागे येते. ती सुटली की फवाऱ्याचं पाणी आत सांडतं. त्या टाकीत साबणपाणी असेल तर ओलीला फेस येतो, त्यावरून ओळखा.

चौथा: गाडी कोणत्या उतारावर उभी असते? वरच्या गोष्टीत पाहिलं तसं, उतार पाण्याला शिरण्याच्या जागेपासून लांब नेतो.

आणखी एक खूण आपल्या भागात फुकट मिळते. ती म्हणजे उन्हाळ्यातला फुफाटा. गाडी पळते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि धूळ फटीतून आत ओढली जाते. ज्या फटीतून चैत्र-वैशाखात धूळ येते, तिथूनच बहुतेक वेळा पावसाळ्यात पाणी येतं. म्हणून डिक्की धुण्याआधी नीट बघा. रबराच्या कडेला, दिव्यामागे, पत्र्याच्या जोडावर धुळीची रेघ किंवा पंख्यासारखा डाग दिसला तर तिथे खडूने खूण करा. पुसून टाकलं की हा पुरावा गेला.

शोधायची रीत

आता तपासणी. याला दोघी लागतात. सामान म्हणजे टॉर्च, खडू, जुनी वर्तमानपत्रं, कोरडं फडकं आणि पाण्याचा पाइप. पाइप नसेल तर बादली आणि तांब्याही चालेल.

डिक्की पूर्ण रिकामी करा. चटई, खालचा फोम, पुठ्ठा, स्टेपनी, जॅक, पाने सगळं बाहेर काढा. स्टेपनीचा खड्डा ही डिक्कीतली सर्वांत खोल जागा असते, पाणी फिरून फिरून तिथे येतं. खड्ड्यात पाणी दिसलं म्हणजे खड्डाच फुटला असं धरू नका. सगळं फडक्याने पुसा आणि दार उघडं ठेवून उन्हात वाळवा. ओल्या पत्र्यावर नवी ओल ओळखू येत नाही.

मग रबर तपासा. मेकॅनिक त्याला बीडिंग म्हणतात. रबरावर चारही बाजूंनी खडू घासा, दार नेहमीसारखं लावा आणि उघडा. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ सलग उमटली तर रबर सगळीकडे टेकतंय. मधे रेघ तुटली असेल तिथे फट आहे. दुसरी रीत कागदाची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडी अडकत, जोर लावून निघाली तर ठीक. सुळकन निघाली तर तिथे रबर दबत नाही. दर वीतभर अंतरावर असं बघत जा.

आता पाणी. एकीने गाडीत मागच्या सीटवर टॉर्च घेऊन बसायचं, सीटची पाठ पाडता येत असेल तर पाडायची आणि डिक्कीकडे बघत राहायचं. दुसरीने बाहेरून पाणी सोडायचं. इथे एक सावधगिरी. ज्या गाडीची डिक्की वेगळी, बंद पेटीसारखी असते, तिच्यात कुणी बसून वरून दार लावायचं नाही. लेकरांना तर जवळही फिरकू देऊ नका, आत कोंडलं तर जीव जाऊ शकतो. अशा डिक्कीत तळाला वर्तमानपत्राचे तुकडे पसरा, त्यांवर आकडे टाका, पत्र्याच्या जोडांवर पावडर भुरभुरवा आणि दार लावा. पाणी सोडून झाल्यावर उघडून बघा. कोणता तुकडा आधी भिजला आणि पावडरीत ओघळ कुठून सुरू झाला, ते लगेच दिसतं.

पाणी सोडायचा क्रम महत्त्वाचा आहे. खालून वर जायचं. आधी बंपरच्या वरची कडा, मग मागचे दिवे, मग दाराच्या बाजू, मग काचेची कडा आणि शेवटी छताची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. प्रत्येक ठिकाणी संथ धार पाच मिनिटं तरी धरा. घाई करू नका, काही फटी हळूच पाझरतात. जोराची धार मारू नका. गाडी धुण्याच्या मशीनची धार चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते आणि चुकीचं उत्तर मिळतं. आतल्या ताईने पहिला थेंब दिसला की हाक मारायची, आणि थेंबाच्या मागे मागे, वर वर टॉर्च नेत जायचं. थेंब जिथून पत्र्यावर पहिल्यांदा दिसतो, ती खरी जागा.

कोणत्या जागेला काय उपाय

मागच्या दाराचं रबर: रबर बैठकीतून सुटलं असेल तर पुसून परत नीट दाबून बसवा. कडा दुमडली असेल तर सरळ करा. फाटलं, चपटं झालं किंवा वाळून कडक झालं असेल तर त्याच गाडीचं नवं घ्या. फेविकॉल किंवा एम-सीलने रबर चिकटवू नका. मऊ राहावं म्हणून इंजिन ऑइल, ग्रीस किंवा रॉकेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि सडतं. रबर चांगलं असूनही खडूची रेघ तुटत असेल तर दाराची कडी सैल असते. ती सरकवून घट्ट करायचं काम मेकॅनिककडून करून घ्या.

मागचे दिवे: दिवा काढून मागची फोमची किंवा रबराची पट्टी बघा. विरली असेल तर बदला. परत बसवताना नट फार आवळू नका, प्लास्टिक तडकतं आणि नवी वाट तयार होते. दिव्याच्या आतच पाणी दिसत असेल तर काचेला चीर गेली आहे, तो दिवा बदलणं बरं.

छताची पन्हळ: छत आणि बाजूचा पत्रा जिथे जुळतात, तिथे कंपनीने एक जाड लेप भरलेला असतो. उन्हाने त्याला बारीक तडे जातात. जुना सुटलेला लेप खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून, गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा सीम सीलर किंवा पीयू सीलंट भरायचा. न्हाणीघरात वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नका. त्याने पत्रा गंजतो आणि त्यावर रंगही धरत नाही.

कॅरिअरचे बोल्ट: छतावर कॅरिअर मागाहून बसवलं असेल तर प्रत्येक बोल्ट ही एक शंकेची जागा. बोल्ट काढून खाली रबरी वायसर आणि सीलंट घालून परत बसवावा लागतो.

तळाची बुचं: डिक्कीच्या तळाला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात रबरी बुचं असतात. साचलेलं पाणी काढायला कुणीतरी बूच काढतं आणि परत लावायचं राहून जातं. मग रस्त्याचं पाणी खालून वर येतं. पाणी काढायला बूच काढणं ठीक, पण लगेच बसवा. फाटलं असेल तर त्याच मापाचं नवं घ्या. पाणी निघून जावं म्हणून तळाला नवीन भोक मात्र कधीच पाडू नका.

हवेची झडप: पुष्कळ गाड्यांत मागच्या बंपरच्या आड, बाजूच्या पत्र्यात प्लास्टिकची जाळी असते. दार लावताना आतली हवा तिच्यातून बाहेर जाते. तिची पट्टी खराब झाली की पाणी शिरतं. पट्टी बदला, पण जाळी लेप भरून बुजवू नका.

सीएनजीची टाकी: डिक्कीत मागाहून टाकी बसवताना तळाला भोकं पाडून बोल्ट लावतात. तिथून पाणी येऊ शकतं. पण टाकीच्या एकाही बोल्टला घरी हात लावायचा नाही. ते काम अधिकृत फिटरचंच. ओल राहिली तर टाकी आणि तिचे पट्टे गंजतात, म्हणून इथली गळती लांबणीवर टाकू नका. सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी तपासणी करावी लागते. टाकीवरच्या पाटीवरची तारीखही त्या निमित्ताने बघून घ्या.

लेप भरला की तो पूर्ण वाळू द्या. किती वेळ ते नळीवर लिहिलेलं असतं. मग तीच पाण्याची तपासणी पुन्हा करा. एक भोक बुजवल्यावर दुसरं सापडणं नवलाचं नाही. दोन्ही वेळा कोरडं निघालं, तरच काम झालं.

वाळवणं आणि माल

चटई वरून कोरडी लागली तरी खालचा फोम आठवडाभर ओला राहू शकतो. तो काढून वेगळा उन्हात टाका. कुबट वास गेला नाही तर फोम बदला. पत्र्यावर गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासून, प्रायमर आणि रंग लावून घ्या. गंज तसाच ठेवला तर पुढच्या साली त्या जागी खरंच भोक पडेल.

आणि भिजलेला माल? इथे मन घट्ट करावं लागतं. हळद, तिखट, डाळ, शेंगदाणे भिजून बुरशी आली तर उन्हात वाळवून, चाळून परत विकायला ठेवायचे नाहीत. काही बुरशींमध्ये अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हरला घातक असतं आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्ण जात नाही. बुरशी झटकली तरी विष मालात राहतं. एका खेपेचं नुकसान सोसता येईल, पाकिटावरचं गटाचं नाव गेलं तर ते परत मिळवायला वर्षं लागतात. डिक्की कोरडी असली तरी माल थेट तळावर ठेवू नका. खाली लाकडी फळी किंवा प्लास्टिकचे कॅरेट ठेवा आणि त्यावर माल. चार बोटांची ती उंची बराच माल वाचवते.

जुनी गाडी घेण्याआधी

गट जुनी गाडी घेणार असेल तर इंजिनचा आवाज ऐकायला मेकॅनिक न्या, पण डिक्की तुम्ही स्वतः बघा. चटई उचला. नाकाने वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. जॅक आणि पाने गंजलेले असतील तर तिथे पाणी साचत होतं. एका बाजूच्या जोडांवरचा लेप दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा किंवा गायब दिसला तर गाडी मागून ठोकलेली असू शकते. बेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ असेल तर गाडी पुरात उभी होती. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला नांदेड, हिंगोली, परभणीकडे केवढा पाऊस झाला, आपल्याला आठवतं. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून छान दिसते, पण कर्जाचा हप्ता आपल्याला भरायचा असतो.

गॅरेजमध्ये गेलात तर तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून शिरतंय, ते मला दाखवता का? काय बदलणार आणि त्याला किती लागतील, ते लिहून देता का? काम झाल्यावर माझ्यासमोर पाणी मारून दाखवता का? जाणकार मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. शोध न घेता सगळीकडे लेप फासून देतो म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

शेवटचं. आपल्या पंचसूत्रीत पाचवी गोष्ट दप्तर लिहिण्याची आहे. गाडीचीही एक वही ठेवा. कोणत्या तारखेला ओल दिसली, पाऊस होता की नव्हता, गाडी उभी होती की चालत होती, कोणता कोपरा भिजला, काय दुरुस्त केलं आणि किती खर्च आला. पाच ओळी पुरतात. दुसऱ्यांदा ओल आली तर त्याच ओळी वाट दाखवतील, आणि बैठकीत कुणाकडे बोट दाखवायची वेळ येणार नाही.

मृग लागायला अवकाश असेल तेव्हाच, एखाद्या दुपारी, दोघी-तिघींनी मिळून डिक्की रिकामी करा. खडू, कागद आणि बादलीभर पाणी, एवढंच लागतं. माळवदावर माती जशी पावसाआधी टाकायची असते, तसंच हे कामही पावसाआधीचं आहे.